डावी तर्जनी

सातपूरला कार्बन नाक्याच्या अलीकडे माझं दुकान,
दोन कॉम्प्युटर, एक मशीन, नाकात बसलेला शाईचा वास.
निवडणूक लागली की मी झोपतो तिथंच,
फ्लेक्सच्या गुंडाळीवर डोकं टेकून.

पक्षाचा माणूस पुण्याहून येतो. चांदगुडे.
लॅपटॉपमध्ये जिल्हा बेतून आणलेला,
शिंपी कापड बेततो तसा, खडूच्या रेघेवर.
"सातपूर, अंबड : हेल्मेट. पिवळं.
निफाडला द्राक्षाचा घड, पण कात्री दिसू दे.
दिंडोरीत टोमॅटोचं कॅरेट, खांद्यावर.
कॉलेज रोडला काही नको, नुसता चष्मा."
चेहरा एकच. मान मी बसवतो.
ऊन जुळलं पाहिजे एवढंच बघायचं,
नाहीतर साहेबांची सावली एकीकडं
आणि कॅरेटची भलतीकडं.

कंत्राट, बोनस हे शब्द त्याच्या यादीत नव्हते.
मी विचारलं, तर हसला :
"कामगाराला कामगार म्हणायचं भाऊ,
कामाचं काढायचं नाही.
गॅस, घराचा हप्ता, देवळाचा रस्ता. बास."

भाचा सुयोग कॅनडात, विंडसरला, गाड्यांच्या कारखान्यात.
त्यानं फोटो धाडला : तिकडच्या निळ्या पक्षाचा उमेदवार,
अंगात चकाकतं जाकीट, बुटाला चिखल नाही.
"मामा, हे लोक पूर्वी मालकांकडं जेवायचे,
आता सकाळच्या पाळीला आमच्या गेटवर डबा घेऊन उभे.
दुपारी पलीकडच्या गावात, टोमॅटोच्या शेडमध्ये.
आमच्या युनियनची निम्मी माणसं त्यांना हात करतात."
मी झूम करून पाहिलं.
जाकिटाची दुकानातली घडीसुद्धा मोडली नव्हती.
आमच्या धंद्यात याला कच्चं काम म्हणतात.

मग चांदगुडेला हात पाहिजे झाला.
"कष्टाचा. खरा. नेटवरचे हात गोरे पडतात."
दादांचा काढला, मोबाइलवर, जेवण झाल्यावर, न धुतलेला.
बत्तीस वर्षं पॉवर प्रेस, गेटवरच्या सभा, लाल झेंडा,
आणि डावी तर्जनी दुसऱ्या पेरापासून नाही.
चांदगुडे म्हणाला, "हात एक नंबर.
फक्त बोट पूर्ण कर. आणि त्यावर मतदानाची शाई."

रात्री उजव्या हाताचं बोट उचललं,
उलटं केलं, जोडलं,
सांध्यावर रंग घासला, नख बसवलं.
कंपनीनं ज्याचे अठराशे रुपये दिले होते
ते बोट सकाळी त्र्यंबक रोडला, पपया नर्सरीच्या चौकात,
साडेचार फूट वाढून उभं.

दादा खाली थांबून बघत राहिले.
मला वाटलं, आता शिव्या.
म्हणाले, "नख लांब काढलंस.
प्रेसवरचा माणूस नख ठेवत नसतो."
आणि मग, चालायला लागल्यावर,
"युनियनचं कोण आलं रे आपल्या दारात, दहा वर्षांत?
हा आला. खोटं हेल्मेट घालून का होईना, आला.
चहा बशीत ओतून प्याला."
मी काही बोललो नाही.
ती बशीसुद्धा चांदगुडेच्या यादीत होती.

मतदानाला शाळेत रांग.
शाईवाल्या बाईनं दादांचा डावा हात धरला,
थबकली, शेजारच्या साहेबांकडं बघितलं,
मग मधल्या बोटाला रेघ ओढली.
दादा पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले.
बराच वेळ बीप वाजला नाही.
वाजला तेव्हा कुणाला, ते मी विचारलं नाही.

आता निकालही शिळा झाला.
चांदगुडेकडं सोळा हजार बाकी आहेत, फोन लागत नाही.
फ्लेक्स उतरवणाऱ्या पोरांकडून
बोटाएवढा तुकडा दादांनी मागून घेतला.
गॅलरीतल्या कूलरवर टाकलाय,
छापील बाजू आत.